बदामवाडीतली दुपारची झोप

कॉलेजात रुजू झाले त्या दिवशी स्टाफरूममध्ये सगळ्यांनी मला विचारायचं ते विचारून घेतलं. मूळ गाव कुठलं, घाटकोपरला कुठल्या बाजूला राहता, मिस्टर काय करतात, मुलं किती. खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसलेले एक उंच, किडकिडीत गृहस्थ तेवढे गप्प होते. सगळ्यांचं झाल्यावर त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "दुपारी झोप लागते का?"

मला रागच आला. पहिल्याच दिवशी बाईमाणसाला हे काय विचारणं! मी तोडून टाकलं, "दुपारी झोपायला वेळ कुणाला असतो?"

"वेळ असतो का, हे नाही विचारलं गो बाय. लागते का, ते विचारलं."

हे तळवडेकर सर. मुलुंडच्या आमच्या कॉलेजात ते अर्थशास्त्र शिकवायचे, मी अकाउंट्स शिकवायचे. दोन्ही बाजूंची बेरीज जुळली की माझा जीव शांत होतो, न जुळली तर मी जेवत नाही. असल्या माणसाला तळवडेकर सरांसारखा माणूस म्हणजे डोक्याला तापच. हा गृहस्थ जरा सैल आहे असं मी ठरवूनही टाकलं होतं.

पण तो प्रश्न ते सगळ्यांनाच विचारायचे. आपण "काय, कसं काय?" म्हणतो ना, तसं. प्राचार्यांना विचारायचे, कँटीनमधल्या अण्णाला विचारायचे, परीक्षेच्या ताणानं काळवंडलेल्या पोरांना विचारायचे. आणि उत्तर मनापासून ऐकायचे. कुणी "नाही लागत हो सर" म्हणालं की ते त्याच्या शेजारी बसूनच घ्यायचे. मग घरचं आजारपण निघायचं, बंद पडलेली गिरणी निघायची, लग्नाची राहिलेली बहीण निघायची. एकदा शिकवायला उशीर झाला म्हणून मी त्यांना टोकलं, तर म्हणाले, "मी शिकवतच होतो मॅडम." रागावले की ते मला मॅडम म्हणत.

देश पुढे गेला की नाही, हे ओळखायची त्यांची स्वतःची एक पद्धत होती. दुपारी जेवणवेळ टळली की रस्त्यानं सावकाश चालत जायचं आणि कोण कोण निवांत झोपलंय ते बघायचं. तेव्हाच्या मुलुंडात अजून कौलारू बंगल्या होत्या, बैठ्या चाळी होत्या, आणि दुपारी सगळ्या गावावर एक हलकी गुंगी उतरायची. सर त्या गुंगीतून पाय न वाजवता चालत. ओट्यावर पंचा तोंडावर घेऊन पडलेला म्हातारा दिसला की यांचा चेहरा खुलायचा.

"मग आळशांचा देश सगळ्यात पुढारलेला म्हणायचा!" मी एकदा चिडवलं.

"आळशी माणूस लोळतो. त्याला झोप कुठली?" ते म्हणाले. "पोट भरलेलं हवं, डोक्यावर सावली हवी, उद्याची धास्ती नको. आणि आपण डोळे मिटले तरी बाहेर कुणीतरी आपलं जागं आहे, ही खात्री हवी. तेव्हा कुठे दुपारची झोप लागते. रात्री काय, दमलेलं माणूस दगडावरही झोपतं."

ती शेवटची अट कुठून आली, ते मला पुढे कळलं. सरांचे वडील वेंगुर्ल्याकडून आले आणि गिरणीत लागले. रातपाळी करून सकाळी घरी यायचे आणि दिवसा झोपायचे. चाळ केवढी गजबजलेली, नळावर भांडणं, पोरांचा गोंधळ. तेव्हा सरांची आई दारात पाट टाकून बसायची. तांदूळ निवडायची, आणि कुणी मोठ्यानं बोललं की नुसतं ओठांवर बोट ठेवायची. हळूहळू चाळीनं तिची खूण उचलली. ती दारात दिसली की लोक आपोआप आवाज उतरवायचे, भाजीवाला आरोळी न देता दारोदार जायचा. "आमच्या बाबांचा पगार काही फार नव्हता," सर म्हणायचे, "पण एक अख्खी चाळ त्यांच्या झोपेसाठी गप्प बसायची. हे कुठल्या रकान्यात लिहायचं, सांग. तू अकाउंट्सवाली आहेस."

मी म्हटलं, "असला रकाना नसतो सर."

"हां. तेच तर म्हणतो."

वर्गात मात्र ते पुस्तकाला धरून शिकवायचे. राष्ट्रीय उत्पन्न, दरडोई उत्पन्न, वाढीचा दर, सगळं चोख. विद्यार्थ्यांचे मार्क कधी जाऊ दिले नाहीत. तास संपता संपता खडू ठेवून हात झटकायचे आणि आपल्या वाडीतली गोष्ट सांगायचे. "आमच्या वाडीत शेवंतीकाकू दिवसभर ओट्यावर बसते. सगळ्यांची दारं सताड उघडी, हिचा एक डोळा सगळ्यांवर. देशाच्या उत्पन्नात तिची भर किती? शून्य. उद्या ती गेली की आम्ही दारांना ग्रिलं लावू, वॉचमन ठेवू. ग्रिलवाल्याचा धंदा वाढेल, वॉचमनला पगार मिळेल. देशाचं उत्पन्न वाढलं! आता हे परीक्षेत लिहू नका. घरी जाऊन आईला विचारा, दुपारी झोप लागते का म्हणून."

पोरं हसायची. मागच्या बाकावरचा हसमुख नावाचा एक मुलगा सगळ्यांत मोठ्यानं हसायचा.

एकदा कॉलेजात विकासावर व्याख्यान द्यायला मंत्रालयातून एक बडे अधिकारी आले. सकाळी त्यांनी फळ्यावर वर वर चढत जाणाऱ्या रेषा काढल्या आणि पुढल्या काही वर्षांत देश कुठल्या कुठे जाणार ते सांगितलं. मला भाषण पटलं. जेवण झाल्यावर समारोपाला थोडा वेळ होता म्हणून त्यांना स्टाफरूममध्ये बसवलं. तळवडेकर सर त्यांच्या समोरच बसले. मी मनात म्हटलं, आता विचारतो हा! पण विचारायची वेळच आली नाही. सरांच्या त्या वेताच्या खुर्चीत टेकल्या टेकल्या साहेबांची मान कलली.

सरांनी उठून पडदा ओढला. पंखा जरा कमी केला. आम्हा सगळ्यांना हातानंच बाहेर काढलं आणि स्वतः दाराबाहेर स्टूल टाकून बसले. प्राचार्य धावत आले, हॉल भरलाय, हार आणलेत. सरांनी ओठांवर बोट ठेवलं. प्राचार्यांचा चेहरा लालबुंद झाला, पण दाराला हात लावायची त्यांची हिंमत झाली नाही. समारोप तसाच उरकला गेला. दिवेलागणीला साहेब बाहेर आले तेव्हा केस विस्कटलेले, गालावर वेताची नक्षी उमटलेली. गोंधळून इकडेतिकडे बघत म्हणाले, "उठवलं का नाही कुणी? फार दिवसांनी असा झोपलो हो." प्राचार्यांनी पुढे कित्येक दिवस सरांशी बोलणं टाकलं. सर मात्र आठवडाभर खुशीत होते.

सरांच्या बदामवाडीत मी पहिल्यांदा गेले ती अशाच एका दुपारी. मुलुंड पूर्वेला, स्टेशनपासून बरीच आत. मधे अंगण, अंगणात विहीर, कडेला बदामाचं भलंमोठं झाड, आणि भोवतीनं कौलारू खोल्यांच्या दोन रांगा. खोल्यांपुढून एकच लांब ओटा गेलेला. कुणाचा ओटा कुठे संपतो आणि कुणाचा सुरू होतो, ते विचारायची सोय नव्हती. सर चटईवर झोपले होते. बदामाची सावली त्यांच्या अंगावरून हलत होती. एक लाल पान त्यांच्या छातीवर पडलेलं, श्वासाबरोबर वरखाली होत होतं. शेवंतीकाकू पलीकडे कुळीथ पाखडत होती, पण सुपाचा आवाज जणू कापसातून येत होता. मला तिथे उभ्या उभ्या जांभई आली. खरं सांगते, माझ्या आयुष्यात मी कुणाचा हेवा केला असेल तर त्या क्षणी त्या माणसाचा केला.

आणि नेमकी त्याच वर्षी वाडी पाडायची बोलणी सुरू झाली. बिल्डर कोण, तर मागच्या बाकावरचा हसमुख. बापाच्या लाकडाच्या वखारीतून वर आलेला, आता मोटारसायकलवरून फिरणारा. तो सरांच्या पाया पडला आणि म्हणाला, "सर, सगळ्यांना पक्कं घर देतो. नळ आत, संडास आत. वरचे मजले मी विकणार, पहिला मजला पूर्ण वाडीवाल्यांचा. तुम्ही हो बोला, सगळे हो बोलतील."

ते खरंच होतं. वाडीनं एकमुखानं सांगितलं होतं, सर सांगतील तसं. मला वाटलं, सर नाही म्हणणार. ते तसं म्हणणारही होते. पण आधी ते प्रत्येक घरी जाऊन विचारून आले, तुम्हाला काय हवं. शेवंतीकाकूनं सूप खाली ठेवलं आणि सरळ सांगितलं, "माका संडास घरात होयो. आणि ओटो भायर होयो. दोनय होयेत."

सर त्या दिवशी माझ्याबरोबर स्टेशनपर्यंत चालत आले. वाटेत म्हणाले, "मी ओट्यावर झोपायचो तेव्हा देश सुखी आहे असं वाटायचं मला. शेवंती रोज पहाटे अंधारात रांगेत उभी असायची, डबा घेऊन. ते मी धरलंच नाही कधी. कसला अर्थशास्त्रज्ञ मी?"

"मग हो म्हणणार?"

"हो म्हणणार. पण ओटा घेऊन."

ओट्याचं बोलणं झालं तेव्हा मी तिथे होते. सरांचं म्हणणं असं की पहिल्या मजल्यावर, सगळ्यांच्या दारांपुढे, चांगली रुंद जागा सोडायची आणि भिंतीला धरून एक सलग ओटा बांधायचा. माणूस आडवा होईल एवढा. हसमुखनं नकाशा उलटसुलट करून बघितला. त्याला खरंच वाईट वाटत होतं.

"सर, तेवढ्यात एक खोली निघते ना. ओट्याचे कोण पैसे देणार? जी जागा विकता येत नाही ती जागाच नाही, सर."

सर हसले, पण ते हसू मला बघवलं नाही. म्हणाले, "बरोबर आहे. हे तुला मीच शिकवलं. तास संपता संपता दुसरंही काही सांगायचो, पण तेव्हा तू पिशवी भरत असायचास."

हसमुख ओशाळला. शेवटी सरांनी आपल्या वाट्याची आतली खोली सोडली, आणि तिच्या जागेत ओटा बसवला. सरांच्या पत्नीला, म्हणजे आमच्या वहिनींना, विचारलं तेव्हा त्या चहा गाळत होत्या. म्हणाल्या, "हे आधी तरी कधी घरात होते? माझ्या स्वयंपाकघराला हात लावू नका म्हणजे झालं." हसमुखनंही आपल्या परीनं मन मोठं केलं. विहीर बुजवली, पण कुंपणाच्या कडेचं बदामाचं झाड ठेवलं.

इमारत उभी राहिली. शेवंतीकाकूनं मला हाताला धरून नेलं आणि आपला संडास दाखवला, पांढऱ्या टाइल्सचा. साखळी ओढून पाणीसुद्धा सोडून दाखवलं. तिचे डोळे भरून आले होते. माझेही भरले. मग आम्ही ओटा बघायला बाहेर आलो. पुढच्या जाळीतून बदामाच्या फांद्या आत डोकावत होत्या आणि काळ्या कडाप्प्यावर पानांच्या सावल्या हलत होत्या. सर त्यावर मांडी घालून बसले होते, नव्या नवरदेवासारखे.

पण मोकळी जागा दिसली की तिच्यावर काहीतरी ठेवल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. आधी एकानं चपलांचा स्टँड ठेवला. दुसऱ्यानं गॅसचा रिकामा सिलिंडर ठेवला. गावाहून तांदळाचं पोतं आलं, ते घरात कुठे मावणार? मोडकी सायकल आली, लोणच्याच्या बरण्या आल्या. सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठराव झाला की ओटा सगळ्यांना सारखा वाटून द्यावा, म्हणजे कुरबुर नको. ज्याच्या त्याच्या हद्दीवर ऑइलपेंटनं रेघा मारल्या. दारांना साखळ्या लागल्या, घरोघर टीव्ही आले. संध्याकाळी बंद दारांआडून एकाच मालिकेचं एकच गाणं सगळीकडून ऐकू यायचं. लिफ्टचं जाळीचं दार दिवसभर खडाडकन आदळायचं आणि कुणीतरी वरून ओरडायचं, "लिफ्ट बंद करा!"

मी संतापले. "सर, एक अख्खी खोली घातलीत तुम्ही त्यात. मी येते मीटिंगला. एकेकाला सरळ करते."

"तू करशील गो," ते म्हणाले. ते सिलिंडर आणि चपला यांच्या मधे अंग चोरून बसले होते. "भांडून ओटा रिकामा होईल. त्याच्यावर येऊन बसणारं माणूस कुठून आणशील?"

त्यानंतर त्यांच्या छातीत दुखायला लागलं. डॉक्टरांनी त्यांचं कॉलेजला जाणं बंद केलं आणि भरपूर झोप घ्यायला सांगितली. मी भेटायला गेले तर त्या एकाच खोलीत, बंद दाराआड, पलंगावर छताकडे बघत पडलेले. सवयीनं मीच विचारलं, "काय सर, दुपारी झोप लागते ना?"

त्यांनी कूस बदलून तोंड भिंतीकडे केलं. वहिनींनी मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि पदर तोंडाशी धरून म्हणाल्या, "महिना झाला. दिवसा नाही, रात्री नाही. डोळा लागला की लिफ्ट आदळते. म्हणतात, इथं बाहेर कोण आहे तेच कळत नाही. गोळ्या घेऊनही डोळा लागत नाही गं." आयुष्यभर ज्यानं दुसऱ्यांच्या झोपेची चौकशी केली, त्याचीच झोप गेली होती. भिंतीपलीकडे शेवंतीकाकूच्या घरात भांडी वाजत होती, ती मधेच थांबली. त्या नव्या भिंती काही फार जाड नव्हत्या.

पेपर तपासायचे दिवस आले आणि माझी पुढची खेप लांबली. गेले तेव्हा मार्च उतरत आला होता. जेवणवेळ टळली होती. मी लिफ्टमधून पहिल्या मजल्यावर उतरले आणि सवयीनं दार जोरात ढकललं. ते आदळलंच नाही. धप्प असा नुसता मऊ आवाज झाला. बघते तर जाळीच्या दाराच्या कडेला, वरपासून खालपर्यंत, जुन्या लुगड्याच्या चिंध्या घट्ट गुंडाळून शिवलेल्या. हिरवं लुगडं. शेवंतीकाकूच्या अंगावर मी ते कितीदा पाहिलं होतं.

ओट्यावर काही नव्हतं. सिलिंडर नाही, सायकल नाही, पोतं नाही. तांबड्या रेघा तेवढ्या होत्या, आणि त्या सगळ्या रेघांवरून एक लांब गोधडी अंथरलेली होती. तिच्यावर सर कुशीवर झोपले होते, गुडघे जरा पोटाशी घेतलेले, एक हात गालाखाली. बदामाची पालवी नुकती फुटली होती. जाळीतून हिरवा उजेड आत येत होता आणि त्यांच्या पांढऱ्या केसांवरून सरकत होता. मजल्यावरची सगळी दारं उघडी होती. एका घरात टीव्ही चालू होता, पण आवाज अजिबात नव्हता. त्याच्यासमोर माणसं बसली होती आणि नुसती चित्रं बघत होती.

शेवंतीकाकू आपल्या उंबऱ्यात पाट टाकून बसली होती. मांडीवर तांदळाचं ताट. मी काही बोलायच्या आत तिनं ओठांवर बोट ठेवलं. मग अगदी हळू, श्वासानंच म्हणाली, "निजलेत. उठव नको हां."

सरांशी माझं पुन्हा बोलणं झालं नाही. पुढच्या आठवड्यात ते गेले, तेही दुपारीच, त्याच ओट्यावर, झोपेत.

पण मी त्या दिवशीचं सांगत होते. आणलेली संत्री मी वहिनींच्या दाराशी ठेवली. लिफ्टनं नको वाटलं. जिन्याच्या तोंडाशी आले तर वरच्या मजल्यावरून कुणीतरी धाडधाड खाली येत होतं. मी वर बघितलं आणि माझं बोट आपोआप ओठांवर गेलं. तो माणूस थबकला. त्यानं चपला काढल्या, हातात घेतल्या, आणि आम्ही दोघं पावलं न वाजवता जिना उतरलो.